क्लायंटने स्वतः रिपोर्ट काढायचे, तर एक्सेल की पॉवर बीआय?

टॅलीत हिशेब ठेवणाऱ्या क्लायंटला विक्रीचे रिपोर्ट स्वतः काढता यावेत असं ठरलं, की साधनाचा प्रश्न येतो: एक्सेल, की मायक्रोसॉफ्टचंच रिपोर्ट बनवायचं साधन पॉवर बीआय? चार्ट कशात देखणे दिसतात ते नंतर बघा. पुढच्या महिन्याची फाइल कोण टाकणार आणि आकडा जुळला नाही तर कोण शोधणार, ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असतं: अकाउंट्स बघणारी व्यक्ती, जिचा हात एक्सेलवर बसलेला आहे.

म्हणून एकाच दुकानाला एक्सेल. २०१६ च्या आवृत्तीपासून पॉवर क्वेरी (बाहेरच्या फाइलींतला डेटा आणून नीट करणारी सोय) त्यातच मिळते. टॅलीतून एक्स्पोर्ट केलेली दर महिन्याची फाइल एकाच फोल्डरमध्ये टाकायची, क्वेरी त्या फोल्डरला जोडायची. पुढे फक्त ‘रिफ्रेश ऑल’. कॉलमचं नाव कोणी बदललं, की रिफ्रेश अडतो किंवा त्या फाइलचे आकडे गुपचूप रिकामे येतात, हे पहिल्याच दिवशी मुद्दाम करून दाखवा.

दोन-तीन शाखा असतील, भागीदारांना मोबाइलवर आकडे हवे असतील आणि प्रत्येकाला फक्त आपलीच शाखा दिसायला हवी असेल, तर पॉवर बीआय. रिपोर्ट बनवायचा प्रोग्रॅम, पॉवर बीआय डेस्कटॉप, फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालतं. रिपोर्ट शेअर करायचा तर सहसा देणारा आणि बघणारा दोघांनाही विकतचं प्रो लायसन्स लागतं, आणि जीमेलच्या पत्त्यावर खातं उघडत नाही. फाइल ऑफिसच्या पीसीवर असेल तर गेटवे (तो डेटा ऑनलाइन पॉवर बीआयपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) बसवावा लागतो. पीसी बंद, तर रिफ्रेशही बंद. पैसे वाचवायला ‘पब्लिश टू वेब’ कधीही वापरू नका, तो रिपोर्ट अख्ख्या जगाला उघडा होतो.

काही खड्डे दोन्हीकडे सारखेच, कारण पॉवर क्वेरी दोन्हीत तीच. ती कॉलमचे प्रकार आपणहून ठरवते. कॉफीचा एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) ०९०१ चा ९०१ होतो, म्हणून तो कॉलम टेक्स्ट ठेवा. तारखा मजकूर म्हणून आल्या आणि सेटिंग अमेरिकेचं असलं, तर ०५-०४-२०२५ हा ४ मे होतो आणि १३-०४-२०२५ ला एरर येते. कॉलमचा प्रकार बदलताना ‘युजिंग लोकेल’मध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा. तिमाहीही जानेवारीपासून धरली जाते, म्हणजे आपली एप्रिल-जून ‘क्वार्टर २’ दिसते. आर्थिक वर्षाचा कॉलम वेगळा करा.

रिपोर्ट क्लायंटच्या हाती देण्याआधी एका महिन्याची विक्री टॅलीतल्या सेल्स लेजरशी रुपयापर्यंत जुळवा. १,००,००० च्या जागी १,१८,००० दिसले तर जीएसटी मिसळला आहे. फरक वेडावाकडा असेल तर आधी क्रेडिट नोट (माल परत आल्यावर वगैरे दिलेली वजावट) तपासा.