ओ-रिंगवर टांगलेला मार्किंग स्टँड

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच शॉपमध्ये धातूवर मार्किंग करायची हत्यारं, म्हणजे रेघ ओढायचा टोकदार स्क्रायबर आणि हातोडीने ठोकून खूण करायचा पंच, अजून कापलेल्या तेलाच्या डब्यात उभे असतात. टोकं खाली केली तर पत्र्यावर आपटून बोथट होतात, वर केली तर हातात घुसतात. चुंबकाचा पट्टा तर नकोच: स्क्रायबर चुंबक बनतो, टोकाला बूर (लोखंडाचा बारीक चुरा) चिकटतो आणि रेघ जाड पडते.

शॉपमध्येच होणारा हा स्टँड या दोन्हींपेक्षा उजवा. सागवानाचा 150 × 75 × 50 मिमीचा ठोकळा, त्याला आरपार भोकं आणि प्रत्येक हत्याराच्या अंगावर टोकापासून 40 मिमीवर एक ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी. रिंग भोकाच्या तोंडावर बसते, टोक आत अधांतरी राहतं. हायड्रॉलिकच्या या गावात ओ-रिंगसाठी वणवण नाही. फक्त नायट्रिलची, म्हणजे तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचीच घ्या. साधं रबर तेलात, रॉकेलात फुगतं.

6 मिमीच्या स्क्रायबरला 6.5चं भोक, 10च्या पंचाला 10.5चं. केंद्रापासून केंद्र 25 मिमी. 15 ठेवलं तर शेजारचा पंच बोटाला लागतो. भोक आंधळं, म्हणजे तळाशी बंद ठेवलं की बूर तळाशी साठतो आणि टोक त्यातच रुततं, म्हणून आरपारच मारायचं.

ठोकळा एकटा हलका, पंच उपसताना कलंडतो. खाली 6 मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, मध्ये 10 मिमीचे स्पेसर ठेवून फट राखून बसवा. अर्धा किलो वजन वाढतं आणि बूर फटीतून फुंकून काढता येतो.

बाभूळ फुकट मिळाली तरी वापरू नका. तिच्यातल्या टॅनिनमुळे पावसाळी हवेत लोखंड काळं पडतं, आणि इकडे पावसाळा चार महिने. सागही थोडा फुगतोच, अर्ध्या मिमीची ढील त्यासाठीच. भोकांना जवसाचं तेल पाजून पूर्ण सुकू द्या.

अडचण आहे ती कंपासची. भोकात पाय दाबले गेले की लावलेलं माप हलतं. त्याला कडेला 12 मिमीची खाच हवी. मापाच्या स्टील पट्टीची खाच हॅकसॉच्या फ्रेममध्ये दोन ब्लेड जोडून मारा, एका ब्लेडच्या खाचेत पट्टी अडकते. काटकोन तपासायचा गुण्या मात्र इथे नकोच, त्याच्या वजनाने सगळंच एका बाजूला झुकतं.

आणि 60 अंशाच्या टोकाचा डॉट पंच, 90च्या टोकाचा सेंटर पंच घाईत सारखेच दिसतात. सेंटर पंचाला दोन रिंगा चढवा, न बघता कळतं.