गाडलेली बाग खोदून शोधायची तर चर की सलग उघडा पट्टा?

मुघलांनी नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे बागांचं शहर, म्हटलं, त्यामुळे इथे गाडलेल्या बागेचा विषय निघतोच. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी गोदाकाठी खोदलं, पण वस्तीचे थर उलगडायला. तिथे खोल, अरुंद चर चालतो. बांधाची माती आधी पडली की भिंत, हे चराच्या कापात, म्हणजे उभ्या छेदातच कळतं.

बागेचं तसं नसतं. पाट, वाफे, झाडांचे खड्डे आडवे पसरलेले. चर त्यांना नेमका चुकवतो. सलग उघडलं तर ओल्या मातीच्या रंगावरूनही आखणी दिसते. खर्च मात्र जास्त, आणि आपली काळी माती उन्हात भेगाळली की थर मिसळतात, हा वेगळाच ताप!

मी आधी उथळ पट्टा उघडीन. चर फक्त बांधावर, त्याला आडवा छेदणारा.