८३ ची सांगून ९१ ची बीएमएक्स गळ्यात मारली

दोन महिने हे लिहू की नको चाललं होतं, स्वतःचा येडेपणा चारचौघांत कोण सांगेल, पण गेल्या आठवड्यात मला फसवणाऱ्या माणसाची नवी जाहिरात दिसली म्हणून लिहितोय.

मी नोकरीला ऑरेंज काउंटीत, एलएच्या खाली. बीएमएक्सचा, म्हणजे मातीत रेस आणि स्टंट करायच्या छोट्या सायकलचा, जन्मच या पट्ट्यातला. १९७० च्या आसपास इथली पोरं श्विन कंपनीच्या स्टिंग-रे सायकली घेऊन मातीत मोटोक्रॉसवाल्यांची नक्कल करायची, त्यातून हे सगळं सुरू झालं. गॅरेज सेलमध्ये अजून जुन्या सायकली निघतात. मी सांगलीत बाबांच्या काळ्या सायकलवर दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारणारा, पंचेचाळिशीत हा नाद लागला आणि लागला तो लागलाच.

जुन्या बीएमएक्सचे शौकीन साधारण दोन खाती करतात. ७० च्या दशकापासून साधारण ८७ पर्यंतची ओल्ड स्कूल, तिथून ९० चं दशक संपेपर्यंत मिड स्कूल. वर्षांवरून भांडणं होतात, पण फरक खरा आहे. ८० च्या शेवटी धंदा बसला, मोठ्या कंपन्यांनी अंग काढून घेतलं, मग रायडर्सनीच कंपन्या काढल्या (एस अँड एम, हॉफमन वगैरे) आणि पायऱ्यांवरून उड्या मारून तुटणार नाहीत अशा जाड, जड फ्रेम आल्या. ओल्ड स्कूलला भाव जास्त मिळतो, कारण तेव्हाची पोरं आता पैसेवाले काका झालीत. भावातल्या याच फरकावर फसवून विकणारे जगतात.

जाहिरात होती १९८३ च्या हारो कंपनीच्या सायकलची. क्रोम फ्रेम, स्टिकर एकदम कडक, पिवळी टफ व्हील्स (प्लास्टिकची चाकं), पुढे रेसची नंबर प्लेट. चौदाशे डॉलर. मी म्हटलं भेटून बघतो, तर म्हणे मी दुसऱ्या राज्यात आहे, अजून दोघं लाइनमध्ये आहेत, पैसे फ्रेंड्स अँड फॅमिलीमधून (ओळखीच्यांना पैसे पाठवायचा ऑनलाइन पर्याय) टाक म्हणजे फी वाचेल. मी टाकले. म्हणजे ओळख ना पाळख, आणि मी त्याला फ्रेंडही केला आणि फॅमिलीपण. बायको तेव्हाच म्हणाली होती, भाजीला दोन रुपये जास्त गेले तर बोंबलतोस आणि हे काय.

सायकल आली, दिसायला झकास. पहिल्याच चढावर जोर मारला तर मागचं चाक तिरकं सरकून फ्रेमला घासलं. आवळलं, परत सरकलं. नट काढला तर एक्सलवर (चाकाच्या मधल्या दांड्यावर) एक चकती बसवलेली. गल्लीत एक म्हातारा आहे, ८१-८२ ला रेस करायचा, त्याच्याकडे नेली. त्याने चकती बघितली आणि हसायलाच लागला. जुना एक्सल ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास, आणि या फ्रेमची एक्सल बसायची खाच १४ मिलिमीटरची, जी पेगवर (एक्सलला लावलेल्या नळकांड्यांवर) उभं राहून स्टंट करणाऱ्यांसाठी नंतर आली. मधली पोकळी चकतीने भरली होती.

मग त्याने नंबर प्लेट काढली. खाली हेड ट्यूबला (हँडल बसतं त्या पुढच्या नळीला) भोकं पाडलेल्या दोन छोट्या पट्ट्या, कंपनीतूनच वेल्ड केलेल्या. त्या रोटरच्या, म्हणजे हँडल गरागरा फिरवलं तरी ब्रेकची केबल गुंडाळत नाही ती भानगड. रोटर आला ८० च्या दशकाच्या मध्यात, मग ८३ च्या फ्रेमवर त्याच्या पट्ट्या कुठून येणार. हारोने धंदा नंबर प्लेटपासूनच सुरू केला होता, आणि मला फसवायला प्लेटच वापरली, घ्या.

हे अजाणता झालं असेल असं मला वाटत होतं, पण चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांना) यू-ब्रेक लावायचे खुंट, म्हणजे स्टड, होते ते घासून सपाट केलेले आणि क्रोमला मॅच होईल असा सिल्व्हर पेंट मारलेला. नखाने निघाला. तिथे माझं डोकं फिरलं. फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चकती) शिमानोचं, त्यावर पी ए ही अक्षरं. शिमानोच्या कोडमध्ये पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९७६ तिथून पुढे मोजत जायचं, दुसरं महिन्याचं. आलं जानेवारी १९९१. फ्रीव्हील बदलता येतं, त्यामुळे एकट्या त्यावर भांडू नका, पण बाकीच्यांबरोबर ते बरोब्बर जुळत होतं. स्टिकर नवे छापलेले, ते उघड विकत मिळतात. टफ व्हील्स तर आजही बनतात.

विकणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर आलं, "ओल्ड स्कूल इज अ फीलिंग ब्रो". नंतर ब्लॉक. पेमेंटवाल्यांनी सांगितलं फ्रेंड्स अँड फॅमिलीला प्रोटेक्शन नसतं. म्हाताऱ्याच्या मते तीनशेची सायकल आहे, आणि मिड स्कूल म्हणून अजिबात वाईट नाही, खरं सांगून विकली असती तर मीच घेतली असती.

तर कोणी घेत असाल तर आधी फोटो मागा, हेड ट्यूबचा प्लेट काढून, मागच्या खाचेचा चाक काढून आणि शेजारी स्केल धरून, आणि चेनस्टे खालून. चेनच्या बाजूनेच फोटो टाकणारा काहीतरी लपवतोय समजा. वजनाचं, स्टिकरचं, "आजोबांच्या गॅरेजमध्ये होती" वगैरेचं काही ऐकू नका.

नव्या जाहिरातीत निळी सायकल आहे, १९८२ ची म्हणे, अकराशे. पाच फोटो, पाचही चेनच्या बाजूने, आणि पुढे तीच पिवळी नंबर प्लेट.