एमटीआर: फुकटचं अवजार, पण आधी शेवटची ओळ वाचा

स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ कॉल तरी तुटतो, अशा वेळी एमटीआर (mtr) हा प्रोग्रॅम लावावा. पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, वाटेत कुठल्या राउटरपाशी अडतंय हे शोधायला याहून सोयीचं फुकट अवजार नाही.

काम साधं आहे. टीटीएल म्हणजे पॅकेटवरचा आकडा, जो प्रत्येक राउटर एकाने कमी करतो. टीटीएल १ लावलेलं पॅकेट पहिल्या राउटरवर शून्याला येतं. राउटर ते टाकून देतो आणि तसा आयसीएमपी (नेटवर्कच्या सूचनांचा आणि पिंगचा प्रोटोकॉल) निरोप परत पाठवतो, त्यातून त्याचा पत्ता कळतो. मग टीटीएल २, मग ३. विंडोजचं ट्रेसर्ट (tracert) हेच करतं, पण प्रत्येक टप्प्यावर तीनदा विचारून थांबतं. एमटीआर दर सेकंदाला विचारत राहतं, म्हणून अधूनमधून येणारा दोषही सापडतो.

उबुंटूवर एमटीआर-टायनी हे पॅकेज पुरतं. कमांडला हे पर्याय जोडा: रिपोर्टसाठी -आर, पूर्ण नावांसाठी -डब्ल्यू, नेटवर्क कुणाचं ते कळायला -झेड आणि शंभर पॅकेटांसाठी -सी १००. पावणेदोन मिनिटांत काम होतं. दहा पॅकेटांचा रिपोर्ट बघूच नये, एक हुकलं की १० टक्के लॉस (उत्तर न आलेली पॅकेटं) दिसतो. विंडोजवर विनएमटीआर चालतं, पण मूळ आवृत्ती फक्त आयसीएमपी पाठवते. लिनक्सवर -टी -पी ४४३ (टी, पी दोन्ही कॅपिटल) दिलं की टीसीपीने, म्हणजे वेबसाइटींसारख्या पॅकेटांनी, तपासता येतं, आणि फायरवॉल पिंग अडवत असेल तिथे हाच मार्ग.

रिपोर्टमध्ये एका राउटरची एक ओळ असते, शेवटची ओळ समोरच्या सर्व्हरची. फसगत होते ती लॉसच्या रकान्यात. चौथ्या ओळीत ६० टक्के, पाचवीपासून शेवटपर्यंत ०, असं दिसलं की लोक लगेच चौथ्या राउटरवर खापर फोडतात. तो पॅकेटं नीट पुढे ढकलतोय. फक्त निरोप पाठवण्याचं काम त्याचा प्रोसेसर मोजूनमापून करतो. लॉस एखाद्या ओळीपासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला तरच तो खरा. उत्तराला लागणाऱ्या मिलिसेकंदांनाही हाच नियम.

बडोद्यात दांडिया बाजारच्या जुन्या वाड्यांत, जाड भिंतींच्या आड वायफाय घेतलं की दोष बहुधा पहिल्याच ओळीत, म्हणजे घरच्या राउटरपाशी असतो: बेस्ट (सर्वांत कमी वेळ) २ मिलिसेकंद, वर्स्ट (सर्वांत जास्त) १८०, एसटीडीव्ही (वेळेतला चढउतार) ३०-४०. इथे कंपनीला फोन करून उपयोग नाही. केबल लावून पुन्हा चालवा. दुसऱ्या ओळीत १००.६४ ते १००.१२७ यांतला पत्ता आला तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. त्याने लॉस होतो असं नाही, पण बाहेरून घरचा कॅमेरा लागत नाही तो याच्यामुळे.

मुंबई इथून सुमारे ४०० किलोमीटर. फायबरमधून जाऊन-येऊन निव्वळ ४ मिलिसेकंद, प्रत्यक्षात १०-१५ आले तर उत्तम. मुंबईच्याच सर्व्हरला ७० लागत असतील तर मधल्या राउटरांच्या नावांत बीओएम (मुंबई), डीईएल (दिल्ली), एसआयएन (सिंगापूर) असे विमानतळांचे कोड शोधा, वळसा सापडतो. आयपीवरून शहर सांगणाऱ्या साइटींवर मात्र फार विसंबू नका.

मी पाचपैकी चार तारे देईन, एक तारा कापला तो परतीच्या वाटेसाठी. उत्तरं कुठल्या रस्त्याने येतात हे एमटीआरला दिसत नाही आणि तो रस्ता बऱ्याचदा वेगळा असतो. एमपीएलएसमुळे (कंपन्यांच्या जाळ्यातली लेबल लावून पॅकेटं पुढे नेण्याची पद्धत) मधले काही राउटर दिसतच नाहीत, तेही आहेच. म्हणून जमल्यास समोरच्या टोकाकडूनही रिपोर्ट काढून घ्या. तक्रारीला तो आणि तुमच्याकडचे दोन रिपोर्ट जोडा, एक दुपारचा आणि एक रात्री नऊचा, तुमचे दोन्ही केबलवर घेतलेले. नाहीतर 'राउटर बंद करून चालू करा' एवढंच उत्तर येईल.