जुन्या गाडीच्या स्टिरिओला फोन किंवा आयपॉड जोडायचाय? एफएम ट्रान्समीटर, कॅसेट अडॅप्टर, ऑक्स की सरळ नवा स्टिरिओ

गाडी जुनी आहे पण ठणठणीत आहे, मारुती ८००, सँट्रो, इंडिका, एस्टीम, जुनी वॅगनआर, यातली कुठलीही धरा, आणि डॅशबोर्डवरचा स्टिरिओ पण चालू आहे, फक्त त्यात ब्लूटूथ नाही. अशा वेळी बहुतेक जण ऑनलाईन जातात आणि पहिला दिसेल तो एफएम ट्रान्समीटर, म्हणजे फोनचं गाणं रेडिओ लहरींनी स्टिरिओकडे पाठवणारी डबी, मागवतात. माझं म्हणणं असंय की मागवायच्या आधी पाच मिनिटं गाडीत बसून स्टिरिओ नीट बघा, कारण कुठली गोष्ट घ्यायची हे तुमच्या बजेटपेक्षा त्या स्टिरिओला कुठली भोकं आहेत त्यावर ठरतं. एक नियम मात्र पक्का धरा, वायरने आवाज आत जात असेल तर हवेतून पाठवू नका.

आधी पुढची पट्टी बघा. ३.५ एमएमचं गोल भोक, बाजूला ऑक्स लिहिलेलं, असेल तर विषय तिथेच मिटला. दोन्ही टोकांना दोन काळ्या कड्यांची पिन असलेली साधी केबल घ्या, फोनचा व्हॉल्यूम ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि बाकीचं स्टिरिओच्या नॉबने करा. फोन अगदी फुल ठेवला तर काही फोनमध्ये आवाज फाटतो आणि फारच कमी ठेवला तर स्टिरिओ वाढवावा लागतो, मग त्याच्यासोबत खरखर पण वाढते. बऱ्याच नवीन फोनला हेडफोनचं भोकच नसतं, ॲपलने ते २०१६ ला आयफोन ७ पासून काढलं आणि नंतर इतर बऱ्याच कंपन्यांनीही काढलं, तर तिथे टाइप सी किंवा लाइटनिंगचं छोटं अडॅप्टर लागतं. किंवा मग छोटा ब्लूटूथ रिसिव्हर, तो ऑक्समध्ये खोचायचा आणि यूएसबीवर चालवायचा. मी स्वतः केबलच घेईन, पण ज्यांना गाडीत बसल्या बसल्या आपोआप गाणं लागायला हवंय त्यांनी रिसिव्हर घ्यावा, गाण्यांसाठी त्याचा आवाज पुरेसा चांगला असतो.

यात एक त्रास हमखास होतो तो सांगून ठेवतो. फोन ऑक्सला लावलाय आणि त्याच वेळी सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून चार्जिंग पण चालू आहे, की स्पीकरमधून कुँईं असा आवाज यायला लागतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो. लोकांना वाटतं स्टिरिओ गेला. पण फोनला जमीन, म्हणजे ग्राउंड, दोन वाटांनी मिळते, एकदा चार्जरमधून आणि एकदा ऑक्सच्या वायरमधून, आणि अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर चालून वीज बनवणाऱ्या भागाचा, गोंगाट त्या वाटेने आवाजात घुसतो. चार्जिंग काढून बघा, आवाज गेला तर कारण सापडलं. मग ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी केबलच्या मध्ये लावायची, आत दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, काम होतं. अगदी स्वस्तातली डबी बेस थोडा खाते, एवढं लक्षात ठेवा.

ऑक्स नाहीये पण कॅसेटचा टेप आहे, तर कॅसेट अडॅप्टर. याला लोक आता जुनाट समजतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण शहरात चालवणाऱ्यासाठी तो एफएम ट्रान्समीटरपेक्षा कितीतरी बरा आहे. कॅसेटच्या आकाराचा डबा असतो, त्यात टेपच्या जागी एक चुंबकीय हेड असतं, ते तुमच्या प्लेअरचा सिग्नल सरळ टेपच्या हेडला देतं. मध्ये रेडिओ नाही, स्टेशन नाही, गाव बदललं तरी काही बदलत नाही. घेण्याआधी टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घ्या, वर्षानुवर्षांचा चॉकलेटी थर असतो आणि त्यामुळे आवाज दबका येतो. डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करायचं, बटण असेल तर बंद ठेवा. अडचणी दोनच. ऑटो रिव्हर्सचा टेप असेल तर त्याला कधी कधी वाटतं कॅसेट संपली आणि तो सारखी बाजू बदलत बसतो नाहीतर बाहेर फेकतो, म्हणून दुकानात गाडीतच लावून बघायला मागा. आणि आतली प्लॅस्टिकची चाकं टकटक करतात, ते हळू आवाजात ऐकणाऱ्याला जाणवतं. ब्लूटूथवाले कॅसेट अडॅप्टर पण मिळतात, वायर लोंबत नाही, पण त्यात बॅटरी असते, आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत लिथियमची बॅटरी ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिकडच्यांनी वायरवालाच घ्या.

आता एफएम ट्रान्समीटर. बाजारात सगळ्यात जास्त हाच खपतो, हजाराच्या आत मिळतो, फोन ब्लूटूथने जोडला जातो, पेन ड्राइव्ह लागतो, चार्जिंग पण होतं, आणि स्टिरिओला फक्त रेडिओ असला की झालं. म्हणजे सोय बघितली तर हाच पहिला. पण हा आपला बारीकसा सिग्नल ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात सोडतो जिथे सगळी स्टेशनं बसलीत, आणि एफएमचा रिसिव्हर जो सिग्नल जोरात असेल तोच धरतो. पुण्यात ९१.१, ९३.५, ९४.३, ९५, ९८.३, वर विविध भारती १०१ आणि विद्यापीठाचं विद्यावाणी १०७.४. मुंबईत तर आकाशवाणीची १००.७ आणि १०७.१ धरून गर्दी आणखी जास्त. मधल्या फटीत तुम्ही बसवलं तरी टॉवरजवळून जाताना शेजारचं स्टेशन गाण्यावर चढतं. पट्ट्याचं खालचं टोक, ८७.५ ते ८८.५ च्या आसपास, सहसा मोकळं सापडतं, सुरुवात तिथून करा. आणि हाताने ओढायची अँटेना असेल तर ती पूर्ण खाली दाबून बघा, बाहेरची स्टेशनं कमजोर होतात आणि तुमचा ट्रान्समीटर तर हातभर अंतरावर आहे, त्याला फारसा फरक पडत नाही. एवढ्या एका गोष्टीने अर्धी तक्रार मिटते.

बोगद्यात ट्रान्समीटर बंद पडेल का असं पण विचारतात, तर नाही, कारण सिग्नल गाडीतच तयार होतो. उलट घाटात, कोकणात, जिथे स्टेशनं पुसट होतात तिथे हा सगळ्यात छान चालतो. म्हणून ज्याचं चालवणं बरंचसं गावाकडच्या रस्त्यावर आहे त्याने बिनधास्त घ्यावा. रोज सिंहगड रोड किंवा अंधेरी करणाऱ्याने नको. शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही, त्यामुळे झांजा, तंबोऱ्याचा झंकार थोडा बोथट वाटतो. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना हे लगेच कळतं.

स्टिरिओला यूएसबीचं भोक असेल पण ब्लूटूथ नसेल तर पेन ड्राइव्ह हाच स्वच्छ मार्ग. ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या, फॅट३२ मध्ये फॉर्मॅट करा आणि गाणी एमपीथ्रीमध्येच ठेवा, जुने सेट एक्सफॅट वाचत नाहीत आणि बाकीचे फॉरमॅट बरेचदा सोडून देतात. आयपॉड क्लासिक वगैरे जपून ठेवलेल्यांसाठी वेगळं सांगतो, त्याच्यात ब्लूटूथ नाही, पण खालच्या ३० पिनच्या भोकातून लाइन आउट, म्हणजे व्हॉल्यूमशी संबंध नसलेला ठरावीक पातळीचा सिग्नल, निघतो, ती केबल मिळाली तर हेडफोनच्या भोकापेक्षा आवाज साफ येतो आणि व्हॉल्यूमचा गोंधळ राहत नाही.

शेवटचा मार्ग स्टिरिओच बदलणे. जुन्या गाड्यांत बरेचदा सिंगल डिनचा खाचा असतो, साधारण १८० बाय ५० एमएम, आणि त्यात नवा ब्लूटूथ सेट सहज बसतो, बिनब्रँडचा दीड-दोन हजारांत, चांगल्या कंपनीचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. रोज तास-दीड तास गाडीत जात असेल तर मी हेच सांगेन, कॉल पण येतात आणि नजर रस्त्यावर राहते. फक्त लावणाऱ्याला वायरी कापू देऊ नका, तुमच्या गाडीचा कपलर, म्हणजे वायरी न कापता जोडणारा प्लग, मागा. पिवळी वायर कायम बारा व्होल्टची, लाल वायर किल्ली फिरवल्यावरच चालू होणारी, या दोन उलट लागल्या तर दर वेळी सेटिंग पुसलं जातं, आणि दोन्ही कायमच्या बारा व्होल्टवर जोडल्या तर गाडी उभी असताना बॅटरी उतरू शकते. आणि कंपनीचा मूळ सेट काढण्याआधी त्याला चोरीविरोधी कोड आहे का ते पुस्तिकेत बघा, बॅटरी काढल्यावर तो कोड मागतो, आणि कोड नसेल तर तो सेट परत लावायला गेलात की कुलूपबंद बसतो.