कोयता की कंपनी?

दसरा जवळ आला की बीडच्या शिरूर, पाटोदा, धारूर तालुक्यांत ऊसतोडीसाठी मजूर जमवणारे मुकादम घरोघरी फिरू लागतात. हातात कोरडवाहू दोन एकर आणि गावात दुसरं काम नाही, अशा जोडप्यापुढे दोनच वाटा उरतात: कोयता, म्हणजे ऊसतोडणी, नाहीतर पुण्याकडची कंपनी.

कोयत्याची मोठी सोय म्हणजे उचल, मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम. लग्न, दवाखाना, सावकार, सगळं त्या एका रकमेत निभावतं. एवढा पैसा आधी दुसरं कोण देतं? पण तोडणीच्या हिशोबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि दोघांचा हिशोब एकाच्याच नावावर. पहाटे थंडीत उसाचा फड गाठायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, वर दंड. पाळीचाही खाडा पडतो म्हणून कित्येक बायांनी गर्भपिशवी काढून टाकली. हे लिहिताना हात थरथरतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्के वाढला, तरी उचल फिटली नाही की पुढचा हंगामही बांधलेलाच.

पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत उचल नाही. ठेकेदाराकडून भरती, एका खोलीत पाच-सहा जण, काही महिन्यांनी काम थांबवून ब्रेक. पण पगार बँकेत येतो, पीएफ कापला जातो, दवाखान्यासाठी ईएसआय विम्याचं कार्ड मिळतं. मुख्य म्हणजे नको वाटलं तर काम सोडता येतं.

अंगावर कर्ज नसेल तर मी कंपनीच सांगेन. पोरं शाळेत असतील तर नक्कीच; फडावर सहा महिने गेले की वर्ग सुटतो तो सुटतोच.