स्पेक्ट्रा ऑप्टिया: तांबड्या पेशी बदलणारं यंत्र, पण हिशेब तुमचाच

सिकलसेलचा (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकडया होण्याचा आनुवंशिक आजार) भार विदर्भावर मोठा, म्हणून टेरुमोच्या या यंत्राचं परीक्षण तिथल्या रक्तपेढीला डोळ्यांसमोर ठेवून.

एका शिरेतून रक्त घ्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तांबड्या पेशी बाजूला काढायच्या आणि दात्याच्या पेशी रुग्णाच्याच प्लाझ्मासोबत दुसऱ्या शिरेत सोडायच्या. हे सगळं अखंड चालतं. हाताने रक्त काढून-भरून करताना हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण) खालीवर होतो, तसं इथे होत नाही. या कामात यंत्र उत्तम.

खरी मेख आकड्यांत आहे. उंची, वजन, रुग्णाचा व पिशव्यांचा हिमॅटोक्रिट आणि मूळ पेशी किती टक्के उरू द्यायच्या (एफसीआर), हे आपण भरतो. एचबीएस (सिकलसेलचं सदोष हिमोग्लोबिन) 90 टक्के आणि एफसीआर 30 असेल तर शेवटी एचबीएस उरतं 27 टक्के. रक्त 4 लिटर, हिमॅटोक्रिट 25, म्हणजे पेशी 1 लिटर; घातलेल्या पेशीही थोड्या बाहेर जात राहतात, म्हणून मूळ पेशी 30 टक्क्यांवर यायला सुमारे 1.2 लिटर पेशी बदलाव्या लागतात. 60 हिमॅटोक्रिटच्या, 280 मिलीच्या पिशव्या धरल्या तर सात-आठ. पिशवीत पेशी टिकवणारं द्रावण सॅगम आहे की सीपीडीए, यावर हा 60 चा आकडा बराच बदलतो. तो न मोजता अंदाजाने टाकला की पडद्यावरचा निकाल आणि रुग्णाचा निकाल जुळत नाहीत. शेवटचा हिमॅटोक्रिट 30 च्या आसपास ठेवा. एचबीएस बरंच उरलेलं असताना तो वर नेला तर रक्त दाट होतं.

अलार्म बहुतेक वेळा शिरेमुळे वाजतो. 17 गेजची सुई कोपराच्या शिरेत नीट बसली तर ठीक, नाहीतर डायलिसिसचा दुहेरी कॅथेटर. साधी मऊ सेंट्रल लाइन ओढीने चपटी होते आणि पंप थांबतो. ओठांना मुंग्या आल्या तर तो सायट्रेटचा (रक्त गोठू नये म्हणून यंत्रात मिसळतात ते) परिणाम: वेग कमी करा, कॅल्शियम द्या. लहान मुलांत किटमध्ये (यंत्राच्या नळ्यांच्या संचात) अडकणारं पावणेदोनशे-दोनशे मिली रक्तही जड जातं. किट आधी पेशींनी भरून घ्यावं.

आधी पेशी काढून मग बदलण्याच्या पद्धतीत पिशव्या वाचतात, पण पक्षाघाताच्या रुग्णात ती नको, मधेच हिमॅटोक्रिट घसरतो. नुसत्या पेशी कमी करण्याची सोयही आहे. साध्या पॉलिसायथेमियाला (तांबड्या पेशी जास्त होण्याच्या आजाराला) मात्र एवढं महाग किट कशाला? सुई आणि रिकामी पिशवी पुरते.

एक उणीव: प्लेटलेट्सही काही प्रमाणात जातात, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी त्या पुन्हा मोजाव्यात. आणि सी, ई, केल या उपरक्तगटांची तपासणी पहिल्या रक्तसंक्रमणाआधीच करून ठेवा. नंतर दात्याच्या पेशी मिसळल्या की ती फसवते.